पडद्यावरून पानावर : ‘डॉक्टर हू’च्या कादंबऱ्या कशा वाचाव्यात

१९७४च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या दुकानांत टार्गेट या मुलांसाठीच्या पेपरबॅक मालेत ‘डॉक्टर हू’ची दोन नवी पुस्तके आली. एक टेरन्स डिक्स यांचे ‘ऑटन इन्व्हेजन’, दुसरे माल्कम हल्क यांचे ‘केव्ह मॉन्स्टर्स’. दोन्हींच्या कथा बीबीसीने १९७०मध्ये दूरचित्रवाणीवर दाखवल्या होत्या. ज्या मुलाने त्या तेव्हा पाहिल्या असतील, त्याला त्या हव्या तेव्हा पुन्हा पाहण्याची काही सोय नव्हती. घरोघरी व्हिडिओ यायला वेळ होता, पुनःप्रसारण क्वचित होई आणि खुद्द बीबीसी जुन्या टेप पुसून त्यांवर नवे कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करत होती. ती कथा पुन्हा भेटायची तर पुस्तकातच. या साहित्याविषयी काही म्हणण्याआधी ही परिस्थिती समजून घ्यावी लागते. तिच्याशिवाय केलेली समीक्षा अर्धवट राहते.

मालिकेशी परिचय नसलेल्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. ‘डॉक्टर हू’ २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. ‘डॉक्टर’ हा परग्रहावरचा प्रवासी. त्याचे कालयान, ‘टार्डिस’, बाहेरून लंडनमधल्या निळ्या पोलीस बॉक्ससारखे दिसते. प्रत्येक कथा साधारण पंचवीस मिनिटांच्या काही साप्ताहिक भागांत सांगितली जाई आणि प्रत्येक भाग ऐन संकटाच्या क्षणी तुटे. १९८९पर्यंत मालिका चालली आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिच्यातल्या जवळजवळ सगळ्या कथांची पुस्तके झाली. एकाच मालिकेवर इतक्या लेखकांनी, इतकी वर्षे, इतक्या निरनिराळ्या तऱ्हांनी काम केल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. म्हणून दूरचित्रवाणीवरच्या विज्ञानकथांची पुस्तके कशी जोखावीत, हे शिकायला याहून चांगली शाळा नाही. या अभ्यासात नव्याने येणाऱ्याचे मी मनापासून स्वागत करतो. इथे वाचायला भरपूर आहे आणि करण्यासारखे काम त्याहून अधिक आहे.

अशा पुस्तकांची फारशी समीक्षा झाली नाही, त्याचे कारण उघड आहे. ती मुलांसाठी होती, करारावर लिहिलेली होती आणि त्यांची कथा आधीच ठरलेली होती. यांतले काहीही खोटे नाही, पण यांतून दर्जाविषयी निष्कर्ष निघत नाही. आपल्याला कादंबरीवरून मालिका होण्याची सवय आहे. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’वरून दूरदर्शनने मालिका केली, तेव्हा मालिका कादंबरीला जागली का, हा प्रश्न प्रेक्षकांनी सहज विचारला. उलट दिशेच्या प्रवासालाही आपण तोच प्रश्न लावतो आणि इथेच चूक होते. पुस्तक पडद्याशी प्रामाणिक आहे का, हा प्रश्न गैरलागू नाही. पण तो पहिला नव्हे. लिहिताना लेखकाच्या टेबलावर नेमके काय होते, हे आधी विचारायला हवे.

बहुतेकांच्या टेबलावर चित्रफीत नव्हतीच. होती ती संहिता, तीही कोणत्या टप्प्यावरची हे दरवेळी वेगळे. अमेरिकेत जेम्स ब्लिश यांनी १९६७पासून ‘स्टार ट्रेक’च्या भागांवर कथा लिहिल्या. ते स्वतः विज्ञानकथेतले मोठे नाव. ‘अ केस ऑफ कॉन्शन्स’साठी त्यांना ह्यूगो पुरस्कार मिळाला होता. त्यांच्या पहिल्या पुस्तकात सात कथा आहेत आणि त्यांतल्या काहींची शीर्षकेसुद्धा प्रसारित भागांहून वेगळी आहेत, कारण त्यांच्यासमोरच्या काही संहिता अंतिम नव्हत्या. पुढे ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ या गाजलेल्या भागाची कथा लिहिताना हार्लन एलिसन यांची मूळ संहिता आणि पडद्यावर आलेले बदललेले रूप या दोन्हींतले काही राखण्याचा त्यांनी प्रयत्न केला. कथा पडद्याहून वेगळी वाटते म्हणून ब्लिश यांना दोष देणारा वाचक, त्यांनी कधी हाती धरलाच नाही अशा मजकुराशी त्यांची तुलना करत असतो.

याचे सर्वांत टोकाचे उदाहरण ‘डॉक्टर हू’तच सापडते. १९६६च्या फेब्रुवारीत ‘द मॅसॅकर’ ही कथा प्रसारित झाली. विषय १५७२ सालच्या पॅरिसमधल्या ह्यूगनॉट हत्याकांडाचा. जॉन लुकारोटी यांनी लिहिलेल्या संहितेत मालिकेचे कथासंपादक डोनल्ड टॉश यांनी फार मोठे फेरफार केले. पडद्यावर मधल्या भागांत डॉक्टर जवळजवळ दिसतच नाही; डॉक्टरची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल तिथे अम्ब्वाझच्या मठाधिपतीच्या भूमिकेत येतात. एकवीस वर्षांनी, १९८७मध्ये, लुकारोटी यांना पुस्तक लिहायची संधी मिळाली, तेव्हा ते आपल्या पहिल्या कल्पनेकडे परत गेले. पुस्तकात डॉक्टर घटनांच्या मध्यभागी आहे. या कथेचे चारही भाग बीबीसीच्या संग्रहातून नष्ट झाले. उरला तो प्रेक्षकांनी प्रसारणाच्या वेळी घरी टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतलेला आवाज. आता यांतले मूळ कोणते? लेखकाने आधी कल्पिलेले, जे कधी चित्रित झाले नाही? की लाखोंनी पाहिलेले, जे आता कोणालाच दिसत नाही? मला वाटते, लुकारोटी यांचे पुस्तक पडद्याचे रूपांतर म्हणून वाचूच नये. एका लेखकाने आपल्या कथेवरचा हक्क पुन्हा सांगितला, असे समजून ते वाचावे. तसे वाचले तरी ते थोर पुस्तक ठरत नाही, त्याची गद्यशैली सपाट आहे. पण त्याला न्याय मिळतो.

आता परंपरेच्या आरंभाकडे. १९६४च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेडरिक म्युलर या प्रकाशनाने डेव्हिड व्हिटेकर यांचे डालेकांवरचे, म्हणजे यंत्राच्या कवचात राहणाऱ्या डॉक्टरच्या परग्रही शत्रूंवरचे, पुस्तक काढले. व्हिटेकर हे मालिकेचे पहिले कथासंपादक. कथा टेरी नेशन यांची. पडद्यावर बार्बरा आणि इयन हे दोन शिक्षक कोल हिल शाळेतल्या सुझन या विलक्षण विद्यार्थिनीचा माग काढत टार्डिसपर्यंत पोहोचतात आणि एक आख्खी कथा पार पडल्यावर त्यांची डालेकांशी गाठ पडते. पुस्तक एकच निघणार होते, पुढचे निघेल याची खात्री नव्हती. म्हणून व्हिटेकर यांनी आधीची कथा गाळली आणि ओळख नव्याने रचली : बार्न्स कॉमनचे मैदान, रात्रीचे दाट धुके, मोटारीचा अपघात आणि त्या धुक्यात उभा असलेला पोलीस बॉक्स. शिवाय सगळी कथा त्यांनी इयनच्या तोंडून सांगितली. हा निर्णय किती परिणामकारक ठरला, ते पाहण्यासारखे आहे. पडद्यावर डॉक्टर पहिल्यापासून समोर दिसतो, त्याच्याविषयी मत बनवायचे काम प्रेक्षकाचे. पुस्तकात तो इयनच्या संशयातून, रागातून आणि हळूहळू वाढणाऱ्या आदरातून उलगडतो. प्रथमपुरुषी निवेदन घेतले की निवेदक जिथे हजर नाही तिथले सगळे प्रसंग हातचे जातात. व्हिटेकर यांनी ते नुकसान जाणूनबुजून पत्करले. पुस्तक पडद्याशी जुळत नाही, आणि तरी या परंपरेतल्या उत्तम पुस्तकांत मी ते धरतो.

पण या कामाचा खरा कस हल्क यांच्या ‘केव्ह मॉन्स्टर्स’मध्ये दिसतो. हे पुस्तक वाचल्याशिवाय या विषयावर कोणी बोलू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. मूळ कथा सात भागांची, जवळजवळ तीन तासांची. इंग्लंडमध्ये जमिनीखालच्या एका संशोधनकेंद्रात अपघात होऊ लागतात. शोध घेता कळते की माणसाच्या कितीतरी आधी पृथ्वीवर नांदलेली सरपटणाऱ्या प्राण्यांची एक बुद्धिमान जात तिथल्या गुहांत दीर्घ निद्रेत होती आणि आता ती जागी होत आहे. पडद्यावर दिग्दर्शकाने त्यांना बराच वेळ लपवून ठेवले. कॅमेरा कधी त्यांच्या डोळ्यांनी पाहतो, कधी नुसता पंजा दिसतो. प्रेक्षकाची उत्सुकता ‘हे आहे तरी काय’ या प्रश्नावर टांगलेली राहते. श्रेयनामावलीत त्यांना स्वतःची नावेही नाहीत.

हल्क यांनी पुस्तकाची सुरुवातच या प्राण्यांपासून केली. आकाशातून एक छोटा ग्रह पृथ्वीकडे येत आहे, वातावरण नष्ट होणार या भीतीने ही मंडळी भूगर्भात आसरा घेत आहेत आणि ओकडेल नावाचा त्यांच्यातला एक शहाणा जीव आपल्या जगाकडे शेवटचे पाहून घेत आहे. मोर्का, क्टो हेही नावानिशी आणि स्वभावानिशी येतात. एवढ्या एका बदलाने कथेची जात पालटते. पडद्यावर जी रहस्यकथा होती, ती पानावर शोकांतिका होते. पुढे माणसे भयाने आणि स्वार्थाने निर्णय घेऊ लागतात, तेव्हा वाचकाला समोरच्या बाजूची नावे ठाऊक असतात. शेवटी डॉक्टरबरोबर काम करणारा लष्करी अधिकारी, ब्रिगेडियर, त्या गुहा स्फोटाने उडवतो. पडद्यावर डॉक्टरला बसलेला धक्का आपण त्याच्या चेहऱ्यावर पाहतो. पुस्तकात तो धक्का थेट आपल्याला बसतो, कारण आपण त्या निद्रिस्तांना त्यांच्या अखेरच्या जाग्या दिवसापासून ओळखत आलो आहोत. हल्क डाव्या विचारांचे होते. जमीन कोणाची, आधी आलेल्यांचा हक्क कुठवर, सत्ता कशी बोलते, हे प्रश्न त्यांच्या संहितांत होतेच. पुस्तकात त्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली. मूळ कथेच्या गाभ्यात जे होते, पण प्रसारणाच्या चौकटीत बसत नव्हते, ते त्यांनी बाहेर काढले. रूपांतराकडून मी हीच अपेक्षा ठेवतो.

त्याच हल्क यांच्या ‘डूम्सडे वेपन’मध्ये सहप्रवासी जो ग्रँट डॉक्टरला प्रथमच भेटते. पडद्यावर ती त्याआधीच्या एका कथेत आलेली होती. त्या आधीच्या कथेचे पुस्तक १९७५मध्ये डिक्स यांनी लिहिले आणि त्यात जो पुन्हा एकदा पहिल्यांदा भेटते. दोन पुस्तकांत उघड विसंगती आहे आणि तिचा मला जराही त्रास होत नाही. त्या काळात ही पुस्तके कोणत्या क्रमाने निघतील हे लेखकालाही सांगता आले नसते. प्रत्येक पुस्तक स्वतःच्या पायावर उभे राहणे आवश्यक होते.

डिक्स यांच्यावर समीक्षकांनी फार अन्याय केला आहे, म्हणून थोडे अधिक लिहितो. १९६८पासून १९७४पर्यंत ते मालिकेचे पटकथा-संपादन करत होते आणि टार्गेटसाठी त्यांनी साठाहून अधिक पुस्तके लिहिली. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती भराभर निघत होती. त्या काळातली त्यांची काही पुस्तके खरोखर पातळ आहेत : संवाद संहितेतून जसेच्या तसे आणि रंगसूचनांची सरळ वाक्ये केलेली. पण ‘ऑटन इन्व्हेजन’ उघडून पाहा. पडद्यावर प्लॅस्टिकचे पुतळे दुकानांतून रस्त्यावर येतात तो प्रसंग अजून अंगावर काटा आणतो, मात्र काच फोडण्याइतका पैसा नव्हता म्हणून काच फुटल्याचा नुसता आवाज येतो. पुस्तकात काच फुटते. अखेरीस नेस्टीन या परग्रही शक्तीने देह धारण केला, तेव्हा डॉक्टरच्या भूमिकेतल्या जॉन पर्टवी यांना रबरी शुंडांशी झटापट करावी लागली. पानावर त्या जागी कोळी, खेकडा आणि ऑक्टोपस यांचे मिश्रण वाटावे असे एक प्रचंड धूड उभे राहते. गद्याला खर्चाचे बंधन नसते, हे डिक्स यांनी ओळखले होते. त्याहून महत्त्वाची आहे त्यांची स्वच्छ वाक्यरचना. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला न अडखळता वाचता येईल आणि तरी त्याला कोणी लहान समजत आहे असे वाटणार नाही, असे गद्य लिहिणे अवघड असते. डॉक्टरची भूमिका वेळोवेळी निरनिराळ्या नटांनी केली; त्या प्रत्येक डॉक्टरचे रूप डिक्स दोन-तीन विशेषणांत बांधत आणि तीच विशेषणे पुस्तकामागून पुस्तकात वापरत. प्रौढ वाचकाला ही पुनरुक्ती वाटेल. मालिकेच्या वाचकाला तीच ओळखीची खूण होती. २०१९मध्ये ते गेले, तेव्हा अनेक ब्रिटिश लेखकांनी जाहीरपणे सांगितले की वाचनाची गोडी आपल्याला डिक्स यांच्या पुस्तकांनी लावली.

पैशाच्या प्रश्नावर इयन मार्टर यांचे उदाहरण फार बोलके आहे. ते नट. १९७५च्या ‘द आर्क इन स्पेस’मध्ये हॅरी सलिव्हन या नौदलातल्या डॉक्टरच्या भूमिकेत ते स्वतः होते. त्या कथेत एका माणसाचे हळूहळू कीटकात रूपांतर होते. पडद्यावर त्यासाठी हिरव्या रंगाने रंगवलेले बबल रॅप वापरले होते. १९७७मध्ये मार्टर यांनी पुस्तक लिहिले, तेव्हा त्या देहाची सडण, वास, चिकट ओल त्यांनी अशी वर्णिली की मुलांच्या पुस्तकात हे शोभते का, असा प्रश्न कोणालाही पडावा. सेटवर प्रत्यक्ष उभ्या असलेल्या माणसाने तिथे नसलेली भीती लिहून काढली.

आणि तरीही जे पानावर येऊ शकत नाही, त्याचा हिशेबही मांडायला हवा. मार्टर यांचेच दुसरे पुस्तक, १९८१चे ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’, त्यासाठी घेतो. कथा १९६७-६८ची. डॉक्टर आणि हुकूमशहा होऊ पाहणारा सॅलमँडर हे दोघेही दिसायला हुबेहूब, आणि दोन्ही भूमिका पॅट्रिक ट्राउटन यांच्या. सहा भागांपैकी फक्त तिसरा उरला होता, त्यामुळे कित्येक वर्षे ही कथा लोकांना मुख्यतः पुस्तकातूनच माहीत होती आणि तिचा फारसा लौकिकही नव्हता. २०१३मध्ये नायजेरियात सापडलेल्या फिल्मांतून ती संपूर्ण परत मिळाली आणि तिच्याविषयीचे मत पालटले. ट्राउटन यांचे चालणे, खांदे, डोळ्यांतली चमक एका भूमिकेतून दुसरीत जाताना कशी बदलते हे दिसले. गद्य फार तर ‘दोघे सारखे दिसत’ असे सांगू शकते. एकाच चेहऱ्यात दोन माणसे पाहण्याचा आनंद त्याला देता येत नाही. उलट घटना १९६७च्या ‘टूम ऑफ द सायबरमेन’ची. तिचे चारही भाग हाँगकाँगहून परत आले आणि १९९२मध्ये व्हिडिओवर निघाले. जेरी डेव्हिस यांचे १९७८चे पुस्तक वाचून ज्यांनी मनात भव्य थडगे बांधले होते, त्यांतल्या काहींना स्टुडिओतले थडगे लहान वाटले. हरवलेला भाग सापडणे ही आपल्या अभ्यासात प्रयोगशाळेतल्या प्रयोगासारखी गोष्ट आहे : पुस्तकाने काय जोडले होते आणि काय गमावले होते, ते तेव्हाच नेमके मोजता येते. पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकी २०१३च्या शोधानंतरही ९७ हाती नव्हते. त्यांच्यासाठी प्रेक्षकांनी टिपलेला आवाज, जॉन क्युरा यांनी पडद्यावरून घेतलेली छायाचित्रे, संहिता आणि पुस्तक एकमेकांशेजारी ठेवूनच काम करावे लागते. बालगंधर्वांचा रंगमंचावरचा वावर ध्वनिमुद्रिका, छायाचित्रे आणि आठवणी यांतून जुळवू पाहणाऱ्या मराठी अभ्यासकाला ही रीत परकी वाटणार नाही.

१९८३पासून जुन्या कथा व्हिडिओवर येऊ लागल्या आणि पुस्तकांचे काम बदलले. पर्याय म्हणून आता त्यांची गरज उरत नव्हती, म्हणून लेखक धाडस करू लागले. डोनल्ड कॉटन यांनी ट्रोजन युद्धाची कथा १९८५मध्ये खुद्द होमरच्या तोंडून सांगितली. डेनिस स्पूनर यांची नीरोच्या रोममधली कथा कॉटन यांनीच १९८७मध्ये पत्रे आणि रोजनिशा यांतून मांडली. ही दोन्ही पुस्तके अतिशय वाचनीय आहेत. पण माझ्या मते या काळाचे शिखर बेन आरोनोविच यांचे १९९०चे ‘रिमेंब्रन्स ऑफ द डालेक्स’. १९८८च्या आपल्याच संहितेवर त्यांनी ते लिहिले. कथा १९६३च्या लंडनमधली आणि कृष्णवर्णीयांना दार बंद करणाऱ्या त्या शहराचा वर्णद्वेष पडद्यावर एका पाटीतून, एका कॅफेतल्या संवादातून आला होता. पुस्तकात तो डालेकांच्या वंशशुद्धीच्या वेडाशी जोडला जातो, कारण लेखक आपल्याला डालेकाच्या डोक्यात नेतो. यंत्राच्या कवचातला तो जीव स्वतःच्याच जातीकडून अस्पृश्य ठरवला गेला तर त्याला काय वाटेल, हे कॅमेरा दाखवू शकला नसता. पुढच्याच वर्षी डॉक्टरच्या स्वतंत्र, प्रौढ वाचकांसाठीच्या कादंबऱ्या निघू लागल्या. त्यांचा रस्ता याच पुस्तकाने मोकळा केला.

बाकीच्या परंपरा इथे नुसत्या नोंदवतो. अ‍ॅलन डीन फॉस्टर यांनी ‘स्टार ट्रेक’च्या अ‍ॅनिमेशन मालिकेची दहा पुस्तके केली : पहिल्या सहांत प्रत्येकी तीन भाग, शेवटच्या चारांत प्रत्येकी एक. ब्लिश आटवतात, फॉस्टर फुलवतात. दोघांना शेजारी ठेवून वाचणे उपयोगाचे आहे. नायजेल नील यांनी १९५०च्या दशकातल्या क्वाटरमास मालिकांच्या संहिताच छापल्या, कादंबरी लिहिली ती फक्त १९७९च्या शेवटच्या मालिकेवर. १९६१ची ‘ए फॉर अँड्रोमेडा’ फ्रेड हॉइल आणि जॉन एलियट यांची. कादंबरीही दोघांनी मिळून १९६२मध्ये काढली. मालिकेचे बहुतेक भाग हरवले, पुस्तक राहिले. जयंत नारळीकर त्या काळात केंब्रिजमध्ये हॉइल यांच्याच मार्गदर्शनाखाली संशोधन करत होते. शास्त्रज्ञाने विज्ञानकथा लिहावी, तीही गंभीरपणे, हा वस्तुपाठ त्यांच्या डोळ्यांसमोर होता. मराठी विज्ञानकथेच्या अभ्यासकाने हॉइल यांची ही कादंबरी त्या दृष्टीनेही चाळावी.

२०१८मध्ये टार्गेट नाव पुन्हा जिवंत झाले. मालिका २००५मध्ये नव्याने सुरू झाली होती; रसेल टी. डेव्हिस यांनी तेव्हाच्या आपल्या ‘रोझ’ या भागाचे आणि स्टीव्हन मोफट यांनी ‘द डे ऑफ द डॉक्टर’चे पुस्तक केले. मूळ भाग आज कोणालाही हवा तेव्हा पाहता येतो, त्यामुळे लेखकाला जुनी सबब नाही. पडद्यावर जे नव्हते ते पुस्तकाने द्यायलाच हवे आणि या पुस्तकांची परीक्षा अधिक कडकपणे घेणे योग्य आहे. १९७४च्या पुस्तकाला २०१८ची कसोटी लावणे मात्र मला मान्य नाही.

सुरुवात कुठून करावी, असे विद्यार्थी विचारतात. ‘केव्ह मॉन्स्टर्स’ आधी वाचा आणि मग सात भाग पाहा. क्रम उलटा केला तर हल्क यांनी केलेल्या बदलाचे वजन कळत नाही. त्यानंतर ‘द मॅसॅकर’ हातात घ्या आणि त्याचा उरलेला आवाज ऐका. मग डिक्स यांची दोन पुस्तके निवडा, एक १९७४चे आणि एक १९७९च्या आसपासचे. वाचताना जवळ वही ठेवा. पडद्यावरचा कोणता प्रसंग गाळला, कोणता वाढवला, कोणाच्या मनात लेखक शिरला आणि कोणाच्या मनात शिरायचे त्याने टाळले, एवढे टिपत जा. डिक्स यांच्या साठावर पुस्तकांचा अशा नोंदींवर उभा असलेला सविस्तर अभ्यास मराठीत कोणी हाती घेतला, तर मला अतिशय आनंद होईल.